मुक्त शेवंती, मुकं बारसं

जगात शंभर टक्के शुद्ध अशी एकच संगणकप्रणाली आहे आणि ती आमच्या नाशकात तयार होते, हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नसतं तरी सांगितलं असतं! रिक्षावाल्याला सांगितलं होतं. न्हाव्याला सांगितलं होतं. सासरेबुवांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या गुरुजींना तर दोन वेळा सांगितलं होतं. त्यांनी दक्षिणा न घेताच चपला घातल्या.

तिचं नाव शेवंती. संगणक चालू केला की सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना कामाला लावते, ती प्रणाली. तिच्या आतली ओळ न् ओळ कुणीही उघडून वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. गिरणारे रस्त्याच्या मळ्यांत शेवंतीचे फुटवे असेच या घरून त्या घरी जातात, कुणी कुणाला अडवत नाही. म्हणून हे नाव. नाव मी ठेवलं.

खरं सांगायचं तर मी फक्त नावंच ठेवली. मी शेखर मंडलिक, एका सरकारी कचेरीत जुने नकाशे सांभाळतो. पिवळ्या पडलेल्या नकाशावर निळ्या शाईची गोदावरी बघत बसायचं आणि साहेब आले की नकाशाची गुंडाळी करायची, हे माझं काम. असा माणूस संगणकाचा प्रोग्राम काय लिहिणार! ते काम भाग्यश्रीचं. ही तिशीतली पोरगी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात शेवंती घडवते. तिसरे आमचे सावळीरामअण्णा. देवळाली कॅम्पला तोफखान्यात वायरलेस सांभाळून निवृत्त झाले. ते नियम बघायचे. आणि मी मराठी शब्द बघायचो. संगणक बंद करायच्या बटणावर मी लिहिलं होतं, ‘मिटून घ्या’. आणि संगणक सुरू होताना पडद्यावर यायचं, ‘जरा थांबा, उमलतेय!’

भाग्यश्री म्हणाली होती, "काका, हे जरा जास्त होतंय."

मी म्हणालो, "होऊ दे!"

आमच्या नियमावलीत पहिलाच नियम होता: शेवंतीत एकही बंद पुडी शिरणार नाही. बंद पुडी म्हणजे काय, ते सांगतो. संगणकातली वाय-फायची चिप, आवाजाची चिप, या जात्याच मठ्ठ असतात. रोज सकाळी त्यांना कंपनीने दिलेला एक छोटा प्रोग्राम पाजावा लागतो, तेव्हा त्यांना आपण कोण ते आठवतं. त्याला म्हणतात फर्मवेअर. आणि त्याच्या आत काय लिहिलंय ते कंपनी सांगत नाही. वाचायचं नाही, बदलायचं नाही, मुकाट्याने पाजायचं. बंद पुडी!

भाग्यश्रीचं म्हणणं होतं, "काका, नव्या लॅपटॉपांत या पुड्यांशिवाय पान हलत नाही. आपण त्या वेगळ्या पिशवीत ठेवू. ज्याला हव्या त्याला विचारून देऊ."

सावळीरामअण्णा ताठ झाले. "आज पिशवीत ठेवाल, उद्या खिशात ठेवाल. लाइन म्हणजे लाइन!"

"पण वाय-फाय चालणार नाही."

"चालत नाही कसं? माझ्या लॅपटॉपवर चालतं!" मी म्हणालो.

माझा लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. त्याची वाय-फायची चिप त्या भोळ्या काळातली, तिला कसली पुडी लागत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मतदान झालं. दोन विरुद्ध एक. भाग्यश्री हरली आणि मी त्या दिवशी घरी तरंगत आलो.

*

पिंपळमळा म्हणजे गिरणारेच्या अलीकडची फूलशेतीची वस्ती. तिथल्या महिला गटाला कुणी दात्याने नवाकोरा लॅपटॉप दिला होता. गटाच्या अध्यक्ष गोजराबाई. वय पासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. मी त्यांच्याकडे शेवंतीची माहिती द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"यात आशा दिसंल का?"

आशा त्यांची धाकटी लेक. आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिला महिन्यापूर्वी मुलगी झाली होती आणि शनिवारी तिकडे बारसं होतं. तिकडचे सकाळचे नऊ, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. गोजराबाईंना काही तिकडे जाणं जमलं नव्हतं, पण पाळणा म्हणायचा तर आपणच, असा त्यांचा हट्ट. पंचायतीच्या सभागृहात पाळणा टांगायचा, समोर लॅपटॉप ठेवायचा, इकडून बायांनी गायचं, तिकडे पोरीचं नाव ठेवायचं.

"दिसेल म्हणजे काय, मावशी! समोर बसल्यासारखी दिसेल!"

"आन् आईकू?"

"श्वाससुद्धा ऐकू येईल!"

गुरुवारी संध्याकाळी मी गटाच्या लॅपटॉपवरची जुनी प्रणाली पुसली आणि शेवंती चढवली. चढायला पाऊण तास लागतो. मी ओट्यावर बसलो होतो. समोर पिवळ्या शेवंतीचे वाफे थेट ओढ्यापर्यंत गेलेले. ऊन उतरून मऊ झालेलं, आणि धरणाच्या बाजूने धुकं असं येत होतं की जणू कुणी दूध ओतून ते हाताने पसरतंय. पडद्यावर आमचं फूल पाकळी पाकळीने उघडत होतं आणि पडद्यामागे खरी फुलं डोलत होती. मला वाटलं, असा एक दिवस येईल की या मळ्यातल्या बाया भाजी निवडता निवडता शेवंतीच्या ओळी वाचतील. एक म्हणेल, ‘अगं, ही ओळ चुकली’, दुसरी म्हणेल, ‘मग दुरुस्त कर’. आणि त्या दुरुस्त केलेल्या ओळी वाऱ्यावर उडत त्र्यंबकला जातील, इगतपुरीला जातील, घाट उतरतील...

"शेखरभाऊ, झालं का?" गोजराबाईंनी विचारलं.

मी दचकलो. पडदा छान पिवळा दिसत होता.

"झालं!" मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.

वाय-फाय बघायचं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. बाकी सगळं आलं होतं.

*

शनिवारी दुपारी दोन वाजता मी आणि सावळीरामअण्णा सभागृहात पोचलो. भाग्यश्रीला कारखान्यात अर्धा दिवस होता, ती तीनपर्यंत येणार होती. आत साठ-एक बाया! मध्ये सागवानी पाळणा, त्याला शेवंतीच्या माळा, आणि पाळण्यात मुलीच्या जागी गुंडाळलेला वरवंटा. घुगऱ्यांचं पातेलं कोपऱ्यात वाफाळत होतं. गोजराबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांचे भाऊ पुंजामामा, फेटा बांधून.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, बटण दाबलं. ‘जरा थांबा, उमलतेय!’ पडद्यावर फूल उघडलं. बायांनी ‘अगंबाई!’ केलं. मला धन्य वाटलं.

मग वाय-फायचं चिन्ह शोधलं. वर नव्हतं. खाली नव्हतं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, शेवटी लॅपटॉप उचलून त्याच्या पोटाखालीही बघितलं.

"अण्णा, वाय-फाय नाही."

"नाही म्हणजे पंचायतीचं बंद आहे?"

"नाही म्हणजे यालाच नाही! याला वाय-फाय नावाची गोष्ट जगात असते हेच माहीत नाही!"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे पुडी मागतंय."

"पुडी मागतंय."

"देणार नाही!" अण्णा गरजले. पुढच्या रांगेतल्या बायांना वाटलं, घुगऱ्यांबद्दल चाललंय. एक म्हणाली, "पैलं नाव तर ठिवू द्या!"

दोन वाजून वीस मिनिटं झाली. माझ्या फोनचा उपयोग नव्हता. मी तत्त्व म्हणून बटणांचा फोन वापरतो. (त्याच्याही आत बंद पुडीच असते, असं भाग्यश्रीने मला एकदा सांगितलं होतं. मी विषय बदलला होता.) त्या खोलगट जागेत बायांच्या फोनना रेंज नव्हती. पंचायतीच्या वाय-फायचा पासवर्ड ग्रामसेवकांनी फक्त सावळीरामअण्णांच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने टाकून दिला होता, तोही हाताचा आडोसा करून, आणि ते तालुक्याला निघून गेले होते.

तेवढ्यात मला आठवलं! भाग्यश्री कधी कधी फोन वायरने लॅपटॉपला जोडते आणि फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देते.

"अण्णा, तुमचा फोन द्या!"

"थांबा. या फोनमध्ये किती बंद पुड्या आहेत ते माहीत आहे का?"

"पुष्कळ असतील."

"मग नियमाचं काय?"

"नियम शेवंतीसाठी आहे, अण्णा! फोन शेवंतीच्या बाहेर आहे. बाहेरून नुसती वायर येणार."

अण्णांनी डोळे मिटून विचार केला. साठ बाया, एक पाळणा, एक वरवंटा आणि मी, सगळे त्यांच्या कपाळाकडे बघत होतो. आयर्लंडमध्ये नऊ वाजायला चार मिनिटं होती.

"फोन सीमेपलीकडे आहे," अण्णांनी शेवटी निकाल दिला. "माल इकडे येतोय, माणूस येत नाही. चालेल!"

गोजराबाई हे सगळं मान वाकडी करून ऐकत होत्या. "म्हंजी सोवळ्यातल्या बाईनं ववळ्यातल्याकडून लांबून पानी घ्यायचं, तसं व्हय?"

"तसंच नाही, मावशी, पण..."

"तसंच हाय," त्या म्हणाल्या.

वायर जोडली. इंटरनेट आलं! आणि बरोबर अडीच वाजता पडद्यावर आशा आली. एवढी स्पष्ट, की सगळं सभागृह एकदम पुढे सरकलं. मागे खिडकीत त्यांच्याकडची करडी सकाळ. पाळणा म्हणून एक टोपली, तिला मोगऱ्याचे कागदी गजरे. आत्या म्हणून शेजारची एक आयरिश बाई उभी केलेली, सहा फूट उंच, नऊवारी नेसवलेली. नऊवारी तिला गुडघ्यापर्यंतच पुरली होती. आशाचा नवरा टोपलीला झोका देत होता. आणि टोपलीत एक इवलं तोंड!

गोजराबाई उठून उभ्या राहिल्या. "आशे!"

आशा हसली. तिचे ओठ हलले.

काहीच ऐकू आलं नाही.

मी आवाज वाढवायची पट्टी शोधली. पट्टी होती. ती मी शंभरपर्यंत नेली. शंभरावर नेलं तरी शांतता ती शांतताच, फक्त मोठी! अण्णांनी लॅपटॉपच्या कडेला कान लावला, मग टिचकी मारली, मग ज्या जागी तोफखान्यात वायरलेसला बुक्की मारत असत त्या जागी एक बुक्की मारली. पडद्यावर आशा थरथरली, पण बोलली नाही.

"आवाजालाही पुडी लागते का हो?" मी हळूच विचारलं.

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागत असणार."

"तुमचा फोन सोडवू या. फोनवर ऐकू येईल."

"फोन सोडला की चित्र जाईल! फोनच्या एवढ्याशा पडद्यावर साठ बायांना काय दिसणार?"

तेही खरं होतं. आणि आमचं बोलणंही तिकडे जात नव्हतं. मी एका पाठकोऱ्या कागदावर ‘आवाज नाही’ असं लिहून कॅमेऱ्यासमोर नाचवलं. पण तिकडे फोन दूर स्टँडवर लावलेला. आशाला वाटलं असणार, कुणी हौशी माणूस शुभेच्छांचा फलक धरून नाचतोय. तिने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"र्‍हाऊ द्या," गोजराबाई म्हणाल्या. "दिसतीय तरी." आणि त्यांनी पाळणा सुरू केला.

मी तुम्हाला काय सांगू! अशी दुपार मी पुन्हा बघणार नाही. साठ बाया मोकळ्या गळ्याने गात होत्या आणि ज्यांच्यासाठी गात होत्या त्यांना एक अक्षर जात नव्हतं. तिकडे कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी गात होतं, ते काचेच्या भांड्यातल्या माशांसारखं दिसत होतं. ती मुलगी रडली. तिचं तोंड उघडलं, कपाळ लाल झालं, मुठी हलल्या, आणि सगळं नीरव. इकडे पाळण्यात वरवंटा झोके घेत होता. खिडकीतून ऊन आडवं येऊन शेवंतीच्या माळांवर पडलं होतं आणि मला वाटायला लागलं की आपण जागेच नाही आहोत. आपण कुठल्या तरी जुन्या नकाशात बसलोय, ज्यात नाशिकच्या शेजारीच आयर्लंड काढलंय आणि मध्ये फक्त एक निळी रेघ आहे. ती रेघ मीच ओढलीय.

तिकडे आत्याबाई वाकल्या, मुलीच्या कानात पुटपुटल्या. त्यांच्या पाठीत बुक्क्या पडल्या. मग आशा कॅमेऱ्यासमोर आली आणि आईकडे बघून मोठ्याने नाव सांगितलं. तीन वेळा सांगितलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काय म्हनली?"

"भागुबाईला इचारा! भागुबाईला कळंल!"

भागुबाईंनी वीस वर्षं एका मोठ्या आवाजाच्या कारखान्यात यंत्रावर काम केलं होतं. तिथे कानाचा उपयोग नव्हता, त्यामुळे त्या ओठ वाचायला शिकलेल्या. त्या पुढे आल्या, पदर खोचला, डोळे बारीक केले. आशाने चौथ्यांदा नाव सांगितलं.

"व्हट मिटलं... उघाडलं... ‘बाय’," भागुबाई म्हणाल्या. "आन् म्होरं ‘जा’." त्या सावकाश गोजराबाईंकडे वळल्या. "गोजरे, बायजा म्हनतीय ती!"

गोजराबाई मटकन खाली बसल्या.

मला काही कळेना. पुंजामामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, "तेंची आई. बायजाबाई. ह्या दोघांना लहानपनी एकलीनं वाढिवलं. लय कष्टानं."

"माझ्या आशीनं माझ्या आईचं नाव ठिवलं," गोजराबाई म्हणत होत्या. "तिकडं इमानाच्या देशात जाऊन माझ्या आईचं नाव ठिवलं गं!"

सगळ्या बाया रडायला लागल्या. मीही लागलो. सावळीरामअण्णांनी रुमाल काढून लॅपटॉपचा पडदा पुसला आणि मग डोळे. पडद्यावर आशा चक्रावून बघत होती. नाव सांगितल्याबरोबर सगळं गाव हंबरडा फोडतंय, हे तिला दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं! तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने टोपलीकडे बघितलं.

पुंजामामांना राहवेना. ते धावत मारुतीच्या देवळाकडे गेले.

*

तीन वाजता भाग्यश्रीची स्कूटी दारात थांबली. हेल्मेट काढता काढता ती आत आली, रडणाऱ्या साठ बाया बघितल्या, वायरने बांधलेला फोन बघितला, मूक पडदा बघितला. आणि माझ्याकडे बघितलं.

"काका."

"हो."

"फर्मवेअर."

"हो."

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "मतदान झालं त्या दिवसापासून बरोबर बाळगतेय. दोन मिनिटांत आवाज देते."

सावळीरामअण्णा लॅपटॉपच्या आडवे आले. "आपण ठराव केलाय."

"अण्णा, त्या आजींना नातीचा आवाज ऐकायचाय!"

"मलाही ऐकायचाय! पण सोयीपुरता नियम मोडला तर उद्या नियम कशाला? लोक पुड्या घेत राहिले तर कंपन्या त्या उघडतील कशाला?"

खरं सांगतो, अण्णांचं चुकीचं नव्हतं. भाग्यश्रीचंही नव्हतं. चुकीचा मी होतो. मी नियमाच्या बाजूने मत दिलं ते नियम सुंदर दिसतो म्हणून, आणि कुणाचं काय अडेल हे बघायलाच गेलो नाही.

गोजराबाई उठून आल्या. डोळे पुसले. "काय भांडान हाय?"

मी सगळं सांगितलं. आवाजाची चिप, पुडी, कंपनी, ठराव.

"म्हंजी माझ्या नातीचा आवाज त्या पुडीत बांधलेला हाय?"

"तसंच म्हणा."

"आन् ती पुडी तुमी मला न इचारता फेकून दिली?"

आम्ही तिघंही जमिनीकडे बघायला लागलो. आत न विचारता काही घालायचं नाही, याचा आम्ही एवढा विचार केला होता. न विचारता काही काढायचंही नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझं मत बदललं," मी म्हणालो. "घाल, भाग्यश्री."

दोन विरुद्ध एक. सावळीरामअण्णांनी निकाल मानला. पण ते भिंतीकडे तोंड करून सावधान उभे राहिले. "मी बघितलेलं नाही," ते भिंतीला म्हणाले.

भाग्यश्रीने पुडी घातली. लॅपटॉप एकदा बंद करून सुरू करावा लागणार होता. ‘मिटून घ्या’ दाबलं. आशा गेली. पडदा काळा. मग पाकळी. मग दुसरी पाकळी. ‘जरा थांबा, उमलतेय!’

"हे कुनी लिवलं?" भागुबाईंनी विचारलं.

मी वाकून वायर नीट करायला लागलो.

भाग्यश्रीने कॉल पुन्हा जोडला आणि आशा दिसायच्या आधी तिच्या लेकीचा आवाज आला. रडण्याचा! असा दणकून आला की सभागृहातल्या चिमण्या उडाल्या. मघाशी मीच आवाज शंभरावर नेऊन ठेवला होता ना! गोजराबाई दोन्ही हात गालांवर ठेवून ऐकत राहिल्या. ते पोर चांगलं मिनिटभर रडलं आणि साठ बायांनी ते गाणं ऐकावं तसं ऐकलं.

"आई! ऐकू येतंय का? अगं, मघाशी तुम्ही सगळ्या का रडत होता?"

गोजराबाई तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर मारुतीच्या भोंग्यावर पुंजामामा गरजले, "समस्त गावकऱ्यांना कळवन्यात आनंद व्हतो, आमच्या आशाच्या लेकीचं नाव बायजा ठिवन्यात आलं हाय! बायजा! घुगऱ्या घ्यायला समद्यांनी यावं!"

आशाने हे सगळं ऐकलं.

"आई, बायजा कुठून आलं? मी मायरा म्हणाले. मायरा!"

सगळ्या भागुबाईंकडे वळल्या. भागुबाई म्हणाल्या, "म आन् ब ला व्हट सारखंच मिटत्यात. कारखान्यात बी माझा घोळ व्हायचा."

गोजराबाई हसल्या. पण ते हसू बघवत नव्हतं. "काय नाय गं, आशे. आमाला आईकू नव्हतं आलं. मायरा बी ग्वाड हाय. लय ग्वाड हाय." आणि त्यांनी पदर नीट केला, काहीच न झाल्यासारखा.

मला वाटलं, भुई दुभंगावी आणि मी लॅपटॉपसकट आत जावं.

आशा वळली. ती टोपलीजवळ गेली, लेकीला उचललं, फोनच्या अगदी जवळ आणलं. "आजीचं नाव ना? पणजीचं? मला का नाही सुचलं गं, आई?"

मागून नवऱ्याचा आवाज आला. "मी आधीपासून सांगत होतो, मायरा नको. या आत्याबाईंच्या कुत्रीचं नाव मायरा आहे!"

नऊवारीतल्या आत्याबाईंनी आपल्या कुत्रीचं नाव ऐकलं आणि आनंदाने मान डोलावली. मग त्या वाकल्या आणि मुलीला त्यांच्या पद्धतीने म्हणाल्या, "बायजा!" इतका शुद्ध उच्चार माझ्या कचेरीतही कुणी केला नसता.

"कागदावर मायरा झालंय, ते राहील," आशा म्हणाली. "पाळण्यातलं नाव बायजा. आई, आता पाळणा म्हण. आम्ही ऐकलाच नाहीये."

पाळणा पुन्हा पहिल्यापासून झाला. वरवंट्याला पुन्हा झोके मिळाले. सावळीरामअण्णा भिंतीकडे तोंड करूनच गात होते.

*

पुढच्या आठवड्यात आमची बैठक झाली. तीन तास चालली. पहिला नियम बदलला. शेवंती आतून बाहेरून मुक्तच राहणार. बंद पुड्या वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘बंद’ असं लिहिलेलं. ज्या यंत्राला ज्या पुडीची गरज तेवढीच पुढे करायची, आणि प्रत्येक पुडीसाठी वेगळं विचारायचं. सावळीरामअण्णांनी एक कलम घातलं: दर सहा महिन्यांनी, या पुडीला कुणी मुक्त पर्याय लिहिला का, ते बघायचं. लिहिला असेल तर पुडी बाहेर. भाग्यश्री म्हणाली, "मंजूर!" अण्णांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं.

पडद्यावर काय विचारायचं, तो मजकूर अर्थात माझ्याकडे आला. या वेळी मी फुलं, पाकळ्या काही घातल्या नाहीत. खरं तेवढंच लिहिलं. चौदा ओळी झाल्या. ही पुडी कशाची, ती घेतली तर काय चालेल, नाही घेतली तर काय अडेल, आणि शेवटी, ‘हिच्या आत काय आहे, हे आम्हालाही माहीत नाही.’ खाली दोन बटणं. ‘घ्या’ आणि ‘नको’.

भाग्यश्रीने वाचून सांगितलं, "छान आहे, काका. पण कुणी वाचत नाही. सगळे ‘घ्या’ दाबतात."

तसंच झालं. त्या महिन्यात आम्ही नऊ ठिकाणी शेवंती चढवली आणि नऊही ठिकाणी लोकांनी मजकुराकडे न बघता ‘घ्या’ दाबलं. मग रविवारी पिंपळमळ्याच्या गटाचा लॅपटॉप नव्या नियमाने पुन्हा लावायला गेलो. मी म्हणालो, "मावशी, दाबून टाका, मला परत जायचंय." गोजराबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि बोट ओळीखाली धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मोठ्याने. मी आयुष्यात लिहिलेलं काही कुणी शेवटपर्यंत वाचलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला भरून आलं.

आधी आवाजाची पुडी. चौदा ओळी वाचल्या. "हिच्याबिगर नात मुकी व्हती." ‘घ्या’.

मग वाय-फायची पुडी. पुन्हा चौदा ओळी. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "शेखरभाऊ, वाय-फायबिगर इंटरनेट येतच नाय का?"

"येतं, पण वायर टाकावी लागते. पंचायतीपासून इथपर्यंत. मावशी, ‘घ्या’ दाबा ना!"

"तुमीच लिवलंय, आत काय हाय ते तुमालाबी ठाव नाय."

"ते लिहायचं म्हणून लिहिलंय हो! घेऊन टाका, मी सांगतो ना!"

"जे तुमालाच ठाव नाय, ते मी घरात कशाला घिऊ? वायरीनं येतंय ना?" आणि त्यांनी शांतपणे ‘नको’ दाबलं.

पंचायत ते गटाची खोली, अंतर नव्वद मीटर. मध्ये रस्ता, रस्त्यापलीकडे शेवंतीचे वाफे, आणि वाफ्यांमधून चर खणायला गोजराबाईंची परवानगी नाही. त्यामुळे बांधाबांधाने वळसा. गेले तीन रविवार मी तिथेच असतो. भाग्यश्री म्हणते, आपल्या नियमाचा हा सगळ्यात मोठा विजय आहे. अण्णा तर सलाम ठोकतात. खणायला मात्र दोघांपैकी कुणी येत नाही.

काल सकाळी मी निघालो तर माझी बायको सुवर्णा दारात उभी. "कुठे चाललात?"

"स्वातंत्र्याच्या कामाला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "कुदळ राहिली तुमची."